दिव्यात वीज जळत नाही, मग उजेड येतो कुठून?

तुमच्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "बल्बमध्ये वीज जळते का?" तुम्ही "हो" म्हणालात आणि तिने लागोपाठ तीन प्रश्न विचारून तुम्हाला गाठलं. बल्बमधली हवा काढून टाकलेली असते, मग आत जळतं कसं? तीच वीज भिंतीतल्या वायरीतून येते, मग वायर का उजळत नाही? आणि एलईडी दिव्यात तार दिसतच नाही, तिथे काय जळतं? तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरं तुम्हाला तिला द्यायची आहेत.

दिव्यांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काम केलं. दिवे मोजणं, महिनोन्महिने पेटते ठेवून ते किती टिकतात ते बघणं, बिघडलेले उघडून कारण शोधणं हे माझं रोजचं काम होतं. या काळात बरीच मोठी माणसंही याच तीन ठिकाणी अडखळलेली मी पाहिली आहेत. अडचण विजेची कमी आणि 'जळणं' या शब्दाची जास्त आहे. दिवा चालू असला तरी आपण 'दिवा जळतोय' म्हणतो आणि कायमचा बिघडला तरी 'बल्ब जळाला' म्हणतो. हा शब्द तेल-वातीच्या काळातून आलाय आणि आपल्यासोबत एक चित्रही घेऊन आलाय: काहीतरी इंधन आहे, ते संपतंय, त्यातून उजेड निघतोय. तार असलेल्या बल्बमध्ये यातलं काहीच होत नाही.

जळणं म्हणजे एखाद्या पदार्थाचा ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग. बल्बमधल्या तारेला ऑक्सिजन मिळूच नये म्हणून तर काचेचा फुगा असतो. आणि वीज 'संपत'ही नाही. बल्बच्या एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन आत जातात तितकेच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात, एकही कमी होत नाही. ते आत देऊन जातात ती फक्त ऊर्जा.

खरं जळणं कसं दिसतं ते मी प्रयोगशाळेत अनेकदा पाहिलंय. काचेला तडा गेलेला बल्ब नजरचुकीने चाचणीच्या फळीवर लागला की स्विच दाबताच एक डोळे दिपवणारा लखलखाट होतो, तारेतून पांढुरका धूर निघतो, काचेवर आतून फिकट पिवळसर पूड बसते आणि खेळ संपतो. ती पूड म्हणजे टंगस्टनचं, म्हणजे तारेच्या धातूचं, ऑक्साइड. टंगस्टनची तार जळते ती अशी, क्षणभरच. बाकी हजार तास ती जळत नसते, नुसती तापलेली असते. (हे घरी मुद्दाम करून बघू नका. काच फुटते आणि तारेला विजेचा दाब असतो.)

पण मुलीला "तू चुकलीस" असं सांगू नका, कारण ती अर्धी बरोबर आहे. मेणबत्ती घ्या. तिची पिवळी ज्योत उजेड देते तो जळण्यातून थेट येत नाही. मेणाची वाफ जळताना कार्बनचे, म्हणजे काजळीचे, अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते ज्योतीच्या उष्णतेने तापून लख्ख होतात आणि पिवळा उजेड त्या तापलेल्या कणांचा असतो. गॅसच्या शेगडीची निळी ज्योत मेणबत्तीच्या ज्योतीपेक्षा जास्त गरम असते, तरी तिच्या उजेडात वाचता येत नाही, कारण तिच्यात तापून उजळायला काजळीचे कणच नसतात. म्हणजे मेणबत्तीतही जळण्याचं काम एवढंच: घन कण तापवणं. बल्बमध्ये तापवायचं हेच काम वीज करते. तापलेल्या घन पदार्थातून उजेड निघण्याची क्रिया दोन्हीकडे एकच आहे.

आता वीज तापवते कशी. धातूत काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. दोन टोकांना विजेचा दाब दिला की त्यांना एका दिशेने रेटा मिळतो. ते वेग घेतात, पण फार दूर जाऊ शकत नाहीत. थरथरणाऱ्या अणूंच्या जाळीवर आदळतात, कमावलेली ऊर्जा अणूंना देतात, पुन्हा वेग घेतात, पुन्हा आदळतात. अणूंची थरथर वाढत जाते. थरथर वाढणं म्हणजेच तापणं.

मग वायर का तापत नाही? इथे आकडे मांडल्याशिवाय मजा नाही. २३० व्होल्टवर चालणारा ६० वॅटचा बल्ब घ्या. त्यातून साधारण ०.२६ अँपिअर प्रवाह वाहतो आणि भिंतीतल्या वायरीतूनही तेवढाच. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर वायरीचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे ०.०१७ ओहम आहे. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणा. त्या मीटरभर वायरीत जेमतेम एक मिलिवॅट उष्णता तयार होते, बोटालाही कळणार नाही इतकी. बल्बमधली तार सरळ केली तर तीही साधारण मीटरभरच भरेल. पण ती केसाहून बारीक आहे, टंगस्टनची आहे आणि पेटती असताना तिचा रोध ८८० ओहमच्या आसपास असतो. तेवढाच प्रवाह, साधारण तेवढीच लांबी, पण इथे तयार होते ६० वॅट उष्णता. म्हणजे पन्नास हजार पटींचा फरक. त्याच इलेक्ट्रॉनांना अचानक हजार-दीड हजारपट अरुंद वाटेतून जावं लागतं, त्यामुळे त्यांचा वेग तितक्याच पटीने वाढतो आणि आदळआपटही. वायर तापतेच, फक्त नगण्य. तिच्यातून झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह वाहू दिला की तीही धोक्याइतकी तापते, आणि फ्यूज त्यासाठीच असतो.

एक जागा अशी आहे जिथे हौशी मंडळी हमखास गोंधळतात. मल्टिमीटर घेऊन थंड ६० वॅटच्या बल्बचा रोध मोजला तर तो ८८० ओहम येत नाही, साठ-सत्तर ओहमच येतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टन तापतं तसा त्याचा रोध दहा-पंधरापट वाढतो, कारण थरथरणारे अणू इलेक्ट्रॉनांची वाट जास्त अडवतात. म्हणून स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, आणि म्हणूनच जुने बल्ब बहुतेक वेळा दिवा लावतानाच जातात.

तापलेली वस्तू उजळते का, हा सगळ्यात सुंदर भाग आहे. अणूंची केंद्रकं आणि इलेक्ट्रॉन विद्युतभारित असतात, आणि भारित कण हलले-थरथरले की विद्युतचुंबकीय लहरी बाहेर टाकतात. ही क्रिया प्रत्येक वस्तूत सतत चालू असते. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या शरीरातूनही लहरी निघत आहेत, पण त्या अवरक्त आहेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या. तापमान वाढलं की दोन गोष्टी होतात: लहरींमधून जाणारी एकूण ऊर्जा प्रचंड वाढते आणि त्या लहरींचा भर लांब तरंगलांबीकडून आखूड तरंगलांबीकडे सरकतो. सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला वस्तू अंधारात जेमतेम लाल दिसू लागते. जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्ये हे नोंदवलं होतं. वस्तू कुठलीही असो, दगड, लोखंड किंवा टंगस्टन, लाली दिसू लागण्याचं तापमान जवळपास तेच.

नवीन शिकाऊ मुलं आली की मी त्यांना हे व्हेरिॲकवर दाखवायची. व्हेरिॲक म्हणजे व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवता येतं असा ट्रान्सफॉर्मर. खोलीत अंधार करायचा, साध्या काचेचा बल्ब लावायचा आणि चक्री फिरवायला लागायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. वीस-पंचवीस व्होल्टच्या आसपास तार राखेतल्या निखाऱ्यासारखी तांबूस दिसते. आणखी वाढवलं की केशरी, मग पिवळी, आणि पूर्ण २३० व्होल्टला ती पिवळसर पांढरी होते. तेव्हा तारेचं तापमान २५०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. शेगडीच्या हीटरची तार लाल दिसते आणि बल्बची पांढरट, त्यामागे दुसरं काही कारण नाही, नुसता तापमानाचा फरक आहे. हा प्रयोग मी शेकडो वेळा केला असेल, तरी ती पहिली तांबूस रेघ उमटताना बघायला मला दर वेळी आवडायचं.

पण एवढी तापवूनही ही तार दिव्याच्या कामात कच्चीच आहे. २५०० अंशांनाही तिच्या लहरींचा सर्वाधिक भर एक मायक्रोमीटरच्या जरासा पुढे, म्हणजे अवरक्त भागातच असतो. डोळ्यांना दिसतो तो पट्टा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंशांवर आहे, त्याचा भर बरोबर या दृश्य पट्ट्यात पडतो. आपल्या तारेच्या वाट्याला या पट्ट्याची फक्त कड येते. साठ वॅटमधले तीन-चार वॅट दिसणारा उजेड, बाकी सगळी उष्णता. तापमानानुसार लहरींचा भर कसा वाटला जातो हे मोजण्यात १८९०च्या दशकात बर्लिनच्या संशोधकांनी वर्षं घालवली. दिव्यांसाठी भरवशाचं प्रमाण ठरवणं हाही त्यामागचा एक हेतू होता. त्या मोजमापांशी जुळणारं सूत्र मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडलं आणि त्यातून पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) सुरू झाली. दिव्याची तार नीट मोजायला घेतली आणि भौतिकशास्त्राचा पायाच बदलला, ही गोष्ट मुलीला जरूर सांगा.

मग तार आणखी का तापवत नाहीत? कारण ती टिकत नाही. एडिसन आणि स्वान यांच्या १८७९च्या सुमाराच्या बल्बमध्ये कार्बनची तार होती. कार्बन फार तापवला की त्याची भराभर वाफ होते, काच आतून काळी पडते आणि तार तुटते. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, सगळ्या धातूंमध्ये शेवटी. पण ते इतकं ठिसूळ होतं की त्याची तार ओढता येत नव्हती. विल्यम कूलिज यांनी १९१०च्या सुमारास ती ओढण्याची रीत शोधली. तरी निर्वात फुग्यात टंगस्टनचेही अणू उडून जातच होते. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१३ मध्ये फुग्यात निष्क्रिय वायू भरला. वायूचे कण मध्ये आल्यामुळे उडालेले बरेच टंगस्टन अणू आदळून तारेकडे परत येतात. त्यामुळे तुमच्या मुलीच्या पहिल्या प्रश्नात छोटी दुरुस्ती हवी: बहुतेक बल्बमध्ये पोकळी नसते, आरगॉन आणि थोडा नायट्रोजन असतो. फक्त ऑक्सिजन नसतो. वायू तारेची उष्णता काढूनही नेतो, म्हणून तारेला वेटोळं देतात आणि त्या वेटोळ्याला पुन्हा वेटोळं, म्हणजे वायूला उघडी पडणारी जागा कमी होते. भिंग घेऊन साध्या काचेचा बंद बल्ब पाहा, दुहेरी वेटोळं स्पष्ट दिसतं.

बल्ब किती टिकेल हे परिस्थितीवर फार अवलंबून असतं आणि ते अवलंबणं विलक्षण तीव्र आहे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी कमी मिळालं तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, पण उजेड सहाव्या हिश्शाने घटतो. पाच टक्के जास्त मिळालं तर याच्या उलट. म्हणून "माझा बल्ब वीस वर्षं चालतोय" असं कुणी सांगितलं की मी आधी तो किती मंद आहे ते बघते. तार कुठेतरी किंचित बारीक झालेली असते, ती जागा जास्त तापते, तिथून अणू जास्त उडतात, ती आणखी बारीक होते. आम्ही उघडलेल्या बहुतेक गेलेल्या बल्बांची गोष्ट हीच असायची.

ट्यूबलाइटबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिचं तत्त्व पुढे उपयोगी पडेल. तिच्यात पाऱ्याची किंचित वाफ असते. वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंना धडकतात, अणूमधला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि खाली परतताना ठरावीक ऊर्जेची लहर सोडतो, बहुतांशी २५४ नॅनोमीटरची अतिनील. ती डोळ्यांना दिसत नाही. नळीच्या आतला पांढरा लेप ती शोषून दिसणारा उजेड देतो. इथे उजेडासाठी काहीच लख्ख तापवलेलं नाही. वरून खाली आलेल्या इलेक्ट्रॉनाने सोडलेल्या ऊर्जेचा हा उजेड आहे.

एलईडीतही असंच उतरणं आहे, फक्त घन पदार्थात. अर्धवाहकाचे, म्हणजे धातूइतकी सहज वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाचे, दोन थर एकमेकांना चिकटून असतात. एकात जास्तीचे इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. योग्य दिशेने व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन जोडापाशी येऊन रिकाम्या जागेत पडतात. वरची पातळी आणि रिकामी जागा यांच्यातली ऊर्जेची पायरी पदार्थागणिक ठरलेली असते. इलेक्ट्रॉन ती पायरी उतरतो आणि तेवढ्याच ऊर्जेचा एक प्रकाशकण निघतो. पायरी लहान असेल तर लाल, मोठी असेल तर निळा. सिलिकॉनमध्येही पायरी आहे, पण तिथे पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा बहुतेक सगळी अणूंच्या थरथरीत जाते. म्हणून साधा सिलिकॉनचा डायोड उजळत नाही, नुसता गरम होतो. गॅलियम नायट्राइडसारख्या पदार्थात ती उजेड होऊन निघते. दिसणाऱ्या लाल उजेडाची एलईडी १९६२ मध्ये आली, पण लख्ख निळी मिळायला १९९०चं दशक उजाडलं, कारण हा पदार्थ पुरेसा शुद्ध आणि निर्दोष वाढवणं फार अवघड होतं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं.

आणि पांढरा उजेड? पांढऱ्या उजेडाची एक पायरी नसतेच. निळ्या एलईडीवर पिवळ्या लेपाचा ठिपका असतो. काही निळा उजेड लेपातून तसाच बाहेर येतो, काही शोषला जाऊन पिवळा होऊन निघतो, आणि दोन्हींचं मिश्रण डोळ्याला पांढरं दिसतं. बंद असलेल्या एलईडी दिव्याचं दुधी झाकण काढलेलं कधी पाहिलंत तर आतले पिवळे चौकोन हेच.

इथेच वॅटचा हिशेब स्पष्ट होतो. नऊ वॅटच्या एलईडी दिव्यातून निघणारा उजेडही तीन वॅटच्या आसपासच असतो. साठ वॅटच्या बल्बमधल्या उजेडाइतकाच, म्हणूनच ते दोघे सारखे प्रकाशमान दिसतात. फरक वाया जाण्यात आहे: एकीकडे छप्पन्न-सत्तावन्न वॅट, दुसरीकडे सहा. दिवा घेताना वॅटऐवजी लुमेनचा आकडा बघा, तो उजेडाचा आकडा आहे.

"एलईडी गरम होत नाही" हे मात्र तिला शिकवू नका. ते सहा वॅट जातात कुठे? साध्या बल्बची तार आपली उष्णता अवरक्त लहरींनी बाहेर फेकते. एलईडीच्या चिपला ते जमत नाही, तिची उष्णता मागच्या धातूतून वाहून न्यावी लागते. म्हणून दिव्याचा मागचा भाग जाड असतो. आमच्याकडे परत आलेल्या एलईडी दिव्यांत चिप जळालेली क्वचितच असायची. हवा न खेळणाऱ्या बंद फिटिंगमध्ये लावल्याने आतल्या सर्किटमधला कपॅसिटर सुकलेला असायचा. बॉक्सवर लिहिलेले तास मोकळ्या हवेत मोजलेले असतात. तुमच्या दिव्याला ते मिळतील की नाही हे फिटिंगवर आणि खोलीच्या तापमानावर अवलंबून आहे.

मुलीला मी असं सांगेन: बल्बमध्ये वीज जळत नाही. वीज तारेला इतकी तापवते की तार स्वतः उजळते, मेणबत्तीतल्या काजळीसारखी. वायरही तापते, पण जाड आणि तांब्याची असल्यामुळे अगदी थोडी. एलईडीत तापवायचं कामच नाही, तिथे इलेक्ट्रॉन एक पायरी उतरतो आणि त्या उडीचा उजेड होतो.

आणि नुसतं सांगू नका, दाखवा. एक जुनी सीडी घ्या, खोलीत एकच दिवा ठेवा आणि सीडी तिरकी धरून तिच्यातलं दिव्याचं प्रतिबिंब बघायला सांगा. (सूर्याचं प्रतिबिंब मात्र कधीही असं पाहायचं नाही.) तारेच्या बल्बखाली लाल ते जांभळा असा सलग पट्टा दिसेल, लाल बाजू भरघोस आणि जांभळी फिकी, कारण तापलेली तार सगळ्या लहरी सोडते पण आखूड लहरींना तिचं तापमान पुरत नाही. ट्यूबलाइटखाली पट्टा तुटक दिसेल, काही रंग उठून आणि मधल्या जागा काळपट. एलईडीखाली एक ठळक निळी रेघ, तिच्या शेजारी अंधुक फट, आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला पट्टा. निळी रेघ चिपची, पसरलेला पट्टा लेपाचा. ती फट का पडली असेल ते तिलाच आधी विचारा.